डेग कुठं बसली

माझा धंदा आता फोनवर चालतो. मंडप, खुर्च्या, भांडी, जेवणावळीचं लागेल ते सामान मी भाड्याने देते. परभणीत गोदाम आहे, दोन टेम्पो आहेत. वेबसाइटवरच्या फॉर्ममधून बुकिंग येतं, तारीख आपोआप कॅलेंडरवर चढते, आणि ते कॅलेंडर मला, गोदामातल्या माणसाला आणि ड्रायव्हरला एकाच वेळी दिसतं. प्रत्येक पातेल्याच्या काठाखाली एक चौकोनी काळी-पांढरी खूण चिकटवली आहे. तिच्यासमोर फोन धरला की पातेलं कुणाकडे गेलं होतं, कधी परत आलं, पोचा पडला का, सगळं कळतं. बिल ॲपमधून जातं. टेम्पो कुठल्या रस्त्याला आहे ते नकाशावर दिसतं, त्यामुळे ड्रायव्हरला माझ्याशी खोटं बोलायचे कष्ट उरलेले नाहीत.

माझी काही तक्रार नाही. हे सगळं मी स्वतः निवडून घेतलं, कुणी गळ्यात मारलेलं नाही. आधी गोदामात दिवसाला चार भांडणं व्हायची, आता आठवड्याला एखादं होतं.

हे शिकवायला कंपनीने एक मुलगी पाठवली होती. चुणचुणीत होती. ती म्हणाली, मॅडम, तुमची माहिती तुमच्याकडे नसते, दुसरीकडे असते. पण तुम्ही कुठूनही बघू शकता. लोकांना सुरुवातीला याचीच भीती वाटते. मी म्हटलं, मला नाही वाटत. तिला वाटलं बाई आधुनिक आहेत. तसं काही नव्हतं. मी त्याच पद्धतीत वाढले होते. आमची तर माहितीच काय, सामानसुद्धा दुसरीकडे असायचं.

सोनपेठच्या बाजारगल्लीत आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली. कनातींची गाठोडी आणि दोन गॅसबत्त्या आत ठेवल्या की आईला बसायला जेमतेम जागा उरायची. भांडी मात्र पुष्कळ होती: पितळी पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं, ताटं-वाट्या, आणि तांब्याची एक डेग. डेग म्हणजे अख्ख्या गावाचा भात एका वेळी शिजेल एवढं मोठं भांडं. ती वडिलांनी नांदेडहून आणली होती. वडील गेल्यावर धंदा आईने धरला. भांडी ठेवायला जागा नव्हती आणि भाड्याची जागा घेण्याची आईची तयारी नव्हती. म्हणून तिने एक रीत पाडली. सामान ज्या घरी शेवटचं वापरलं जाईल त्याच घरी मुक्कामाला राहील. त्या घरच्यांनी ते राखेने घासून, मोजून, कोरड्या जागी ठेवायचं. पुढचं कार्य ज्याच्या घरी असेल त्याने आपली बैलगाडी घेऊन थेट तिथूनच न्यायचं. दुकानाला हेलपाटा नाही, हमाली नाही. ज्यांच्याकडे सामान बसेल त्यांना तोवर सतरंज्या आणि एक पिंप वापरायची मुभा. लोकांना ते आवडायचं. ओसरीवर एवढी भांडी चकाकत असली की घराला शोभा यायची, येणारा-जाणारा विचारायचा, काय, कार्य आहे का?

म्हणजे आमचं गोदाम वीस-पंचवीस गावांत पसरलेलं होतं. कधी पोखर्णीच्या नृसिंहाच्या यात्रेच्या पंगतींना गेलेली पातेली तिथेच पुजाऱ्याच्या शेजारी महिनाभर असत. कधी ताटं नदीकाठच्या गावात आणि पराती दुसऱ्याच टोकाला. एकच गोष्ट अवघड होती: कुठलं सामान आज कुठं बसलंय हे कुणाला तरी ठाऊक असणं. आईला ठाऊक असायचं. पुढे मी आणि माझ्या मैत्रिणीने ते काम तिच्याकडून घेतलं.

मैत्रीण फाट्यावरच्या गावची. सोनपेठहून परभणीकडे जाणारी एसटी त्या फाट्यावर थांबायची आणि तिचं घर थांब्यासमोरच होतं. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. घर बौद्ध, गावाच्या कडेला. पण थांबा तिथे असल्यामुळे गावाचं येणं-जाणं त्यांच्याच अंगणावरून. आठवीपासून बारावीपर्यंत ती रोज एसटीने सोनपेठला शाळेत यायची आणि माझ्या बाकावर बसायची. बारावी झाल्यावर तिचा डी.एड.ला नंबर लागायचा होता, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दोघी रिकाम्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

सुरुवात अशी झाली की एका कार्याचं सामान तिच्या गावात बसलं होतं आणि ते उचलायला दोन घरच्या गाड्या एकाच दिवशी आल्या. तिने मध्ये पडून वाटणी केली. ताटं एकाला, पातेली दुसऱ्याला, आणि डेग लांबच्या गावाला, कारण जवळच्यांकडे दोन मोठी पातेली चालली असती. मग सकाळच्या एसटीच्या कंडक्टरला सांगून माझ्या आईला निरोप धाडला. आईने निरोप ऐकला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, मी पण अशीच केली असती. आईच्या तोंडून एवढं ऐकायला मला अठरा वर्षं लागली होती. तिला एका निरोपात मिळालं.

त्यानंतर रोजचं झालं. फाट्यावरून जाणाऱ्या माणसांकडून ती खबर काढायची आणि आमची दोघींची बोली ठरलेली होती. डेग बसली म्हणजे सामान मुक्कामाला लागलं. उठली म्हणजे पुढच्या घरी निघालं. निरोप न्यायचा सकाळच्या गाडीच्या कंडक्टरने. तो परभणीचा, तोंडाचा फटकळ, पण निरोपात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. दुकानासमोर गाडी हळू झाली की खिडकीतून ओरडायचा, "बाई, डेग बसली वो! पण बसली तर तिकीट का न्हाई काढलं तिनं?" कधी म्हणायचा, "ह्या डेगीनं माझ्यापेक्षा जास्त गावं बघितल्यात. तिलाच कंडक्टर करा, मी चुलीवर बसतो." समोरच्या बी-बियाण्यांच्या दुकानात फोन होता. परभणीहून मोठं काम आलं तर त्या फोनवर यायचं आणि दुकानदार रस्ता ओलांडून बोलवायला यायचा. असा आमचा कारभार. फोन एकाचा, गाडी सरकारची, ओसऱ्या लोकांच्या. आमचं स्वतःचं असं त्यात फक्त तांबं-पितळ.

बाजाराच्या दिवशी ती सोनपेठला यायची. खोलीत गाठोड्यांवर बसून आम्ही जमिनीवर चिंचोके मांडायचो. उंबऱ्याजवळ सोनपेठ, भिंतीकडे गोदावरी, कोपऱ्यात पोखर्णी. एक चिंचोका म्हणजे एका कार्याचं सामान. पुढच्या पंधरवड्यात कुठली लग्नं, कुठलं बारसं, कुठलं वर्षश्राद्ध ते बघून ती एकेक चिंचोका सरकवायची. मी म्हणायचे, हे जवळ पडतं, इथे ठेव. ती म्हणायची, तिथं सून बाळंतीण आहे, भांडी घासणार कोण? किंवा, त्या घरात भाऊ वेगळे झालेत, एकाच्या ओसरीवर ठेवलं तर दुसरा पाणीसुद्धा पाजणार नाही, मारुतीच्या पारावर ठेवायला लाव. माझ्या आताच्या ॲपमध्ये ‘शेरा’ म्हणून एक रकाना आहे. गोदामातला माणूस त्यात ‘ओके’ असं लिहितो.

तिच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. आमचा धंदा मुहूर्तांवर चालायचा. पौष लागला की सगळं ठप्प. तिच्या समाजात लग्नाला मुहूर्त बघत नाहीत. दोन्ही घरच्यांना आणि पाहुण्यांना सोयीचा दिवस, एवढंच. आईने कधी हा विचार केला नव्हता. तिने आसपासच्या गावांतल्या आपल्या लोकांना सांगितलं, आणि पौषातही आमची डेग उठायला लागली. आई तिला लाडाने काही म्हणायची नाही, तो तिचा स्वभाव नव्हता, पण बाजाराच्या दिवशी भाकरी करताना न विचारता एक जास्त थापायची.

त्याच काळात आमचं एक ठरलं होतं. तिच्या लग्नाला सामान आमचं. भाडं नाही. डेग मी स्वतः चुलीवर चढवणार. माझं लग्न आधी झालं, परभणीलाच. मोठ्या पंगतीला तिने पदर खोचून वाढलं, आणि मग मुक्काम कुठे ते ठरवून, सगळं रवाना करूनच घरी गेली. सासर जवळ होतं आणि नवऱ्याला दुकानाचं काही वावडं नव्हतं, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी सोनपेठलाच असे. काम चालू राहिलं. आता पाळी तिची होती, आणि मी त्या दिवसाची वाट बघत होते. स्वतःच्या लग्नाची मी एवढी वाट बघितली नव्हती.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद आम्ही लहान असल्यापासून चालू होता. मध्ये वर्षानुवर्षं तो झोपलेला असायचा, मग एकदम उठायचा. उठला की आमच्या लक्षात यायचं ते वर्तमानपत्रातून नाही, गिऱ्हाइकांवरून.

त्र्याण्णव साली दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी फाट्याजवळच्या गावच्या एक पाटलीणकाकू आल्या. घरात मुलाचं लग्न काढलं होतं, मार्गशीर्षातलं. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. चहा झाला, ताटं किती, पातेली किती ठरलं. मग त्या म्हणाल्या, "सामान तेवढं दुकानावरून येऊ द्या."

आई म्हणाली, "दुकानावर सामान असतंय कुठं? फाट्यावर बसलंय. तुमच्या गावाला तिथून हाकेवर."

"असू द्या. गाडी लांबून आली तर येऊ द्या."

"मागल्या साली तिथूनच नेलं की तुमी."

"मागलं साल मागं गेलं, बाई," काकू म्हणाल्या. रागाने नाही. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाल्या.

कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. भांडी तीच, घासलेली तशीच. सोनपेठला एक रात्र राहून गेली की ती दुकानाची होत होती, फाट्यावरून थेट गेली की ती त्या घरची राहत होती. पुढच्या बाजारी आणखी एकाने तेच सांगितलं. मग आणखी एकाने. एकाने तर हेही सांगितलं की आमच्याकडून उठल्यावर थेट तिकडं नका नेऊ, तुमचं तुमी मधी काय करायचं ते करा.

आईने दोन दिवस हिशेब केला. तिसऱ्या दिवशी तिने कापसाच्या जिनिंगच्या मागची एक शेड भाड्याने घेतली, जी घ्यायला ती इतकी वर्षं तयार नव्हती. यापुढे सगळं सामान शेडमध्ये परत येईल आणि तिथूनच जाईल. सगळ्यांसाठी एकच नियम: पाटलांना तोच, पुजाऱ्याला तोच, गुरुजींना तोच. म्हणजे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही. आईला वाटलं तिने सगळ्यांची अब्रू राखली. हिशेबाने बघितलं तर तोडगा चोख होता. आजही कुठलाही व्यापारी तोच काढेल. माझं गोदाम तरी दुसरं काय आहे?

फाट्यावर सांगायला मी गेले. मैत्रीण अंगणात डेग घासत बसली होती. चिंच आणि राख लावून, कोपरापर्यंत हात काळे-हिरवे. मी उभ्यानेच सांगितलं, शेड घेतली, आता सगळं तिथे. तिने हात थांबवले नाहीत.

"कुणासाठी नियम?"

"सगळ्यांसाठी. पोखर्णीलासुद्धा."

"सगळ्यांसाठी नियम करायची पाळी सगळ्यांमुळं येत न्हाई," ती म्हणाली. "एकाच घरामुळं येती. कोण बोललं ते मी तुला विचारायली न्हाई. मला म्हाईत हाय कोण बोललं. त्यांची गाडी परवा इथून रिकामी गेली."

मी म्हटलं, आईने तुझं नाव येऊ नये म्हणूनच केलं. ती म्हणाली, "त्ये बी म्हाईत हाय. म्हणून तर राग बी धरता येईना मला."

मग तिने डेगीत पाणी घालून ती विसळली, उपडी केली आणि म्हणाली, गाडी आण, घेऊन जा. मी थांबले असते तर गुरुजींनी चहा घ्यायला लावला असता. एसटी आली म्हणून मी निघाले. कंडक्टरने विचारलं, काय सांगू मायला, बसली का उठली? मी म्हटलं, मीच चालले आहे सांगायला.

पुढचे दोन महिने आमचं काम सुरळीत चाललं. शेडला कुलूप होतं, किल्ली आईकडे. गाड्या यायच्या, भरून जायच्या, परत यायच्या. कुठलं सामान कुठं आहे हे आता कुणालाही सांगता आलं असतं. बाजाराच्या दिवशी मैत्रीण आली नाही. डी.एड. होऊन तिला एका खाजगी शाळेत काम मिळालं होतं, त्यामुळे न येण्याला कारणही चांगलं होतं.

पौषाच्या तोंडावर कंडक्टरने खिडकीतून एक पाकीट दिलं. तिच्या लग्नाची पत्रिका. मुलगा पिंगळीचा, नोकरीला. संक्रांतीनंतर लगेचचा दिवस. पाकिटावर माझं एकटीचं नाव, खाली ‘अगत्य येणे’. सामानाबद्दल अवाक्षर नाही. मी कंडक्टरला विचारलं, आणखी काही निरोप? तो म्हणाला, "न्हाई. मी बी विचारलं, डेगीचं काय? तर म्हणली, पत्रिका द्या तेवढी."

मी वाट बघितली. त्या पौषात डेग शेडमध्ये रिकामी पडून होती, पातेली एकात एक घालून ठेवलेली. रोज सकाळी गाडीच्या वेळेला मी दुकानाच्या दारात उभी राहायचे. मग संक्रांत आली, नामांतर झाल्याचं रेडिओवर सांगितलं, आणि दंगलीच्या धास्तीने दुसऱ्या दिवसापासून गाडीच यायची बंद झाली. दुकानं अर्धी उघडी, अर्धी मिटलेली. समोरच्या दुकानातला फोन कधी लागायचा, कधी नाही. खबर आणणारं कुणी उरलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, ट्रॅक्टर सांगते, सामान नेते.

आई म्हणाली, "तिनं मागितलंय का?"

"नाही."

"मग न्यायचं कशाला? तिला नसंल पायजे."

"गाड्या बंद आहेत. निरोप धाडला असेल आणि पोचला नसेल."

आईने माझ्याकडे बघितलं. निरोप धाडला नसणार हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. ती उठली, किल्ली काढून दिली आणि म्हणाली, "भरून परत आणायची तयारी ठेव. आणि डेग दोरीनं बांध, रस्ता खराब हाय."

सकाळी निघालो, मी आणि ट्रॅक्टरवाला. रस्त्याला वाहन नव्हतं. हरभऱ्याची शेतं ओली होती, भांडी ट्रॉलीत एकमेकांवर आपटून एवढा आवाज करत होती की लांबून लोक उभे राहून बघायचे. एका वळणावर पोलिसांची जीप उभी होती. त्यातल्या वयस्कर हवालदाराने हात करून थांबवलं आणि विचारलं, कुठं चालला एवढा पसारा?

"लग्नाला."

"पौषात कुणाचं लगीन असतंय, बाई?"

एवढ्यावरून त्याला कळलंच होतं, कुणालाही कळलं असतं. मी म्हटलं, मैत्रिणीचं. त्याने डेगीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि जा म्हणाला. फक्त मुख्य रस्त्यानेच जा, गावातून घुसू नका.

फाट्यावर पोचले तर तिच्या अंगणात मंडप पडलेला होता. निळ्या किनारीचा पांढरा कापडी मंडप, आमचा नव्हे. चुली पेटलेल्या होत्या. चुलींवर मोठी ॲल्युमिनियमची पातेली होती, परभणीच्या कुठल्या तरी दुकानाचं नाव ठोकलेली. ती गाड्या बंद व्हायच्या आधीच आणून ठेवली होती. म्हणजे बरेच दिवस आधी ठरलेलं होतं. गुरुजी पुढे आले, या म्हणाले, आणि ट्रॉलीकडे नजर गेली तेव्हा थोडे गोंधळले. मी काही बोलणार तेवढ्यात ती घरातून बाहेर आली. पांढरी साडी, केसांत शेवंतीचा गजरा, हातात अजून घड्याळ होतं.

"आणलंस कशाला?" ती म्हणाली.

"लागेल म्हणून."

"लागलं न्हाई." मग पदर सावरत, "बोलावलं तुला होतं. भांड्यांला न्हाई बोलावलं."

"आपलं ठरलं होतं," मी म्हटलं.

"ठरलं तवा डेग माझ्या अंगणात बसायची. आता शेडमधून यायची म्हणली तर ती कुणाची बी हाय. मग परभणीची काय आणि तुमची काय?"

ती हे भांडल्यासारखं बोलली नाही. वर्गात फळ्यावरचं समजावून सांगावं तसं बोलली. तीस वर्षं झाली, त्यात मला अजून चूक काही सापडलेली नाही.

तेवढ्यात तिचा चुलता धावत आला. नवऱ्याकडची माणसं रेल्वेने गंगाखेडपर्यंत आली होती आणि तिथे अडकली होती. पुढे एसटी नाही, जीपवाले यायला तयार नाहीत. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी स्टेशनवर बसलेली. गुरुजींनी चष्मा काढला आणि ट्रॅक्टरकडे बघितलं. मागायला त्यांना जड जात होतं. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, ट्रॉली रिकामी करा.

पोरं, बायका, जो तो धावला. पातेली, पराती, पिंपं हातोहात खाली उतरली. डेग चौघांनी उतरवली आणि लिंबाखाली ठेवली. ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर सतरंज्या टाकल्या, आणि ट्रॅक्टर गंगाखेडच्या रस्त्याला लागला. मी तिथेच राहिले. येईपर्यंत दोन-अडीच तास जाणार होते.

त्या वेळात मी भाज्या चिरल्या. कुणी मला पाहुणी म्हणून बसवायला आलं नाही, बरं झालं. लिंबाखाली सामान रचून ठेवलेलं होतं, मोठ्यावर लहान, नेहमीसारखं. मी चिरता चिरता बघितलं तर ती दारात उभी राहून तिकडेच बघत होती. नवरीने बाहेर येऊ नये म्हणून एक बाई तिला आत ओढत होती. मैत्रिणीचे ओठ हलत होते. सामान तिच्या अंगणात आलं आणि तिने मोजलं नाही असं कधी झालं नव्हतं.

ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "एक झारा कमी हाय."

"शेडमध्ये राहिला असेल."

"न्हाई. पाटलाच्या घरी राहिलाय. त्यांच्या चुलत्याच्या न्हाणीत चुलीतली राख वढायला ठिवलाय तिथं. विचार जाऊन."

"तुला कसं कळलं?"

"कळतंय," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवसातलं तेवढं एकच हसू माझ्या वाट्याला आलं.

वऱ्हाड दुपारी पोचलं, भुकेलेलं आणि धुळीने माखलेलं, पण सगळं धड. लग्न लागलं. टेबलावर दोन तसबिरी, हार, मेणबत्त्या, सगळ्यांनी हात जोडून म्हटलेली वंदना. मी पंगतीला बसले आणि परभणीच्या ताटात जेवले. वांग्याची भाजी चांगली झाली होती. सांजच्याला आमचं सामान पुन्हा ट्रॉलीत चढलं. त्यातलं एकही भांडं चुलीवर गेलं नव्हतं, एकही घासावं लागलं नाही. गुरुजी ट्रॅक्टरचं भाडं द्यायला लागले, मी घेतलं नाही आणि त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. ती पाठवणीच्या गडबडीत होती. निरोप घ्यायचा राहिला.

पाटलांकडे मी झारा मागायला गेले. होता, न्हाणीतच.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली होत गेली, ती नोकरीच्या गावी राहिली, गुरुजी निवृत्त होऊन तिच्याकडे गेले. फाट्यावरचं घर विकलं. तिथे आता रसवंती आहे. आई थकल्यावर मी धंदा परभणीला आणला, वाढवला. शेडची जागा गोदामाने घेतली, किल्लीची जागा पासवर्डने.

ती मला परत सापडलीच नाही, असं नाही. मागच्या वर्षी शाळेतल्या मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात तिचा नंबर आला. मी फोन केला. लांबत गेला. ती मुख्याध्यापिका झाली, साखर आहे, मुलगी परदेशात. मीही माझं सांगितलं. दोघींनी एकमेकींना भेटायला या म्हटलं, आणि दोघींनाही ठाऊक होतं की गुडघे आणि नातवंडं आहेत तोवर ते लांबणार. छान बोलणं झालं. पण मला जे हवं आहे ते असं फोनवर मिळण्यातलं नाही. मला तिच्याशी गप्पा नको आहेत. मला तिच्याबरोबर काम करायचं आहे. उद्याच्या सात ठिकाणांचं सामान कसं फिरवायचं हे मला कॅलेंडर सांगतं आणि बरोबर सांगतं, तरी सकाळी स्क्रीन उघडली की मला कुणीतरी म्हणायला हवं असतं, तिथं नको ठेवू, त्या घरात यंदा दुःख आहे.

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "आता सामान कुठं असतंय तुझं?"

मी सांगितलं, गोदामात.

"सगळं?"

"सगळं. काम झालं की त्याच दिवशी परत येतं."

मागे कुकरची शिटी झाली, तिने कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"मग कुणाच्या घरी जावं लागत नसंल तुला," ती म्हणाली.